टाचेखालचा पत्रा

सप्टेंबर २०२३, गणपतीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. दापोलीहून खेडला उतरत होतो, हौद्यात बांगड्याचे क्रेट. एका वळणावर क्लच दाबायला म्हणून डावी टाच टेकवली, तर ती टेकलीच नाही. रबरी मॅटसकट खाली गेली. गाडी कडेला घेतली, मॅट उचलली. खाली डांबरी रस्ता दिसत होता. मुठीएवढं भोक, आणि त्याच्या कडा भिजलेल्या खारी बिस्किटासारख्या. बोटाने दाबल्या की मोडत होत्या.

त्या दिवशी माल पोचवला. घरी येऊन भोकावर प्लायवूडचा तुकडा टाकला, त्यावर मॅट टाकली आणि जानेवारीपर्यंत तशीच गाडी चालवली. हे बरोबर नव्हतं. क्लचच्या पायाखाली भक्कम जमीन नसणं घाटात किती धोक्याचं आहे, ते मला कळत होतं. पण ऑगस्टमध्ये मासेमारीची बंदी उठल्यावर जे चार महिने धंद्याचे असतात, त्यात गाडी उभी करणं परवडत नव्हतं.

गाडी म्हणजे बाबांनी २००९ मध्ये नवी घेतलेली बोलेरो पिकअप. हर्ण्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी लिलाव झाला की माल भरायचा, बर्फ टाकायचा आणि रातोरात खेड, चिपळूण, कधी माणगाववरून ताम्हिणी चढून पुणं. एप्रिल-मेमध्ये मासळीच्या जोडीला हापूसच्या पेट्या. बाबा गेल्यापासून मी चालवतो. इंजिन अजून सकाळी एका सेल्फला उठतं. चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, जाड पोलादाची. वरून लाल झाली असली तरी हातोडीने ठोकली की घंटेसारखी वाजते. मरत होती ती केबिन. आणि तिला मारलं होतं आम्हीच, म्हणजे आमच्या मालाने.

मासळीच्या गाडीचं दुखणं निराळं असतं. बर्फ वितळतो, त्यात माशाचं रक्त, खवलं आणि समुद्राचं मीठ मिसळतं आणि ते पाणी रात्रभर हौद्यात हिंदकळत राहतं. चढावर ते मागे जातं आणि फळीच्या फटीतून रस्त्यावर सांडतं. उतारावर मात्र प्रत्येक ब्रेकला ते पुढे येतं, हौदा आणि केबिन यांच्यामधल्या वीतभर जागेत उतरतं, केबिनच्या पाठीच्या पत्र्यावर उडतं. दापोली पठारावर आहे, खेड खाली आहे. पंधरा वर्षं आम्ही भरलेली गाडी घेऊन तो उतार उतरतोय.

गोडं पाणी वाळतं आणि संपतं. खारं पाणी वाळलं तरी मीठ मागे राहतं, आणि मीठ पुन्हा पाणी बोलावतं. उघड्या बरणीतलं खडेमीठ पावसाळ्यात पाझरतं, तसंच. नुसतं मीठ हवेतली आर्द्रता पाऊणशे टक्क्यांच्या आसपास गेली की स्वतःहून ओलं होऊ लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते त्याच्या बरंच आधी पाणी ओढतं. म्हणजे किनाऱ्यावर उभी केलेली गाडी पाऊस नसतानाही रोज रात्री ओली होते, आतून, जिथे कापड पोचत नाही तिथे. त्यात आमची जांभ्याची माती. मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात ती एकदा थापली गेली की ओल धरून बसते. शिवाय तिचा रंग आणि गंजाचा रंग एकच, कारण जांभ्याचा लाल रंगही लोखंडाच्या ऑक्साइडचाच. मी कित्येक वर्षं गंज पाहत होतो आणि चिखल समजत होतो.

पण केबिनच्या तळाला, तेही आतून, एवढं पाणी कुठून आलं, ही वेगळी गोष्ट. ती ३ जून २०२० ला सुरू झाली.

त्या दिवशी निसर्ग वादळ आलं. आमच्याकडच्या माणसाला ती तारीख सांगावी लागत नाही. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौलं उडाली, वीज यायला कित्येक दिवस लागले. आमची गाडी अंगणात होती. माडाची झावळी पुढच्या काचेवर पडली आणि काच फुटली. लॉकडाऊनमुळे सामान मिळत नव्हतं. महिनाभराने काच मिळाली, तिच्याभोवतीचं नवं रबर मिळालं नाही, म्हणून जुनंच रबर धुऊन पुन्हा बसवलं. तेवढा महिना केबिनवर ताडपत्री होती आणि ताडपत्रीखाली पाऊस शिरत होता. नवी काच बसल्यावर मी आतला तळ पुसला, मॅट वाळवली. मॅटच्या खाली जो नमदा, म्हणजे दाबलेल्या तंतूंचा जाड थर असतो, तो उचलून पाहायचं मला सुचलं नाही.

पुढच्या वर्षी दाराच्या खालच्या कडेला आणि पायरीपाशी रंगाला फुगे आले. जुलै २०२१ मध्ये, बंदीच्या काळात, गाडी एका गॅरेजला दिली. तेव्हा सगळेच देतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, गाडी रिकामी, चालक रिकामा. पण पत्र्याच्या आणि रंगाच्या कामाला हाच काळ सगळ्यात वाईट. घासलेला पत्रा पाच मिनिटांत नारिंगी होतो, रंगात हवेतली ओल अडकते. त्या गॅरेजवाल्याने फुगे फोडले, वरवर घासलं, लांबी भरली, रंग मारला. लांबी म्हणजे पुट्टी. चार दिवसांत गाडी नव्यासारखी. पैसेही फार घेतले नाहीत. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा फुगे आले, या वेळी तळहाताएवढे.

म्हणून या वेळी मी ठरवलं होतं की काम जानेवारीत करायचं. हवा कोरडी असते, मासळी थोडी उतरलेली असते आणि आंबा अजून लांब असतो. खेड रस्त्याला एका शेडमध्ये पत्र्याचं काम करणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत. बाबांच्या ओळखीतले, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांच्याकडे १२ जानेवारी २०२४ ला गाडी नेली. बारा दिवसांत होईल असा माझा अंदाज होता.

चाचांनी गाडीभोवती एक फेरी मारली. खिशातून एक लोहचुंबक काढलं, जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं, फडक्यात गुंडाळलेलं. ते दारावरून, पायरीवरून फिरवत गेले. चुंबक चिकटतं तिथे पत्रा, सुटतं तिथे लांबी. चालकाच्या दाराखाली दीड फूट चुंबक कुठेच चिकटलं नाही. चाचांनी पेचकस घेतला, मुठीने एक ठोसा दिला, तर एक अख्खी पट्टी गळून पडली. लांबीचा थर बोटाएवढा जाड होता आणि त्याच्यामागे वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला. तो कागद ओला होता. जानेवारीत, महिनोन्महिने पाऊस नसताना.

मला फार राग आला होता, आणि अजूनही येतो. रंगाखाली झाकलेला गंज उघड्या गंजापेक्षा वाईट असतो, कारण झाकणाच्या आत ओल टिकते आणि बाहेरून दिसत नसल्याने मालक निर्धास्त राहतो. तीन वर्षांपूर्वी तळहाताएवढा पत्रा कापून भागलं असतं.

पहिले तीन दिवस नुसतं उघडण्यात गेले. बॅटरीच्या दोन्ही तारा काढल्या, कारण वेल्डिंगचा करंट वायरिंगमधून फिरला तर अल्टरनेटर जातो. सीट काढली, दारं उतरवली, डॅशबोर्डखालचे वायरचे झुपके वर बांधून ठेवले. नमदा बाहेर ओढला तेव्हा दोघांना उचलावा लागला, इतका तो पाणी प्यायलेला होता. त्यात माशाची खवलं, आंब्याच्या पेटीतलं गवत, बाबांच्या हातची हिशेबाची एक चिठ्ठी. अक्षर फुटलं होतं, आकडे वाचता येत होते. ती मी वाळवून घरी नेली.

नमद्याखाली आवाज कमी व्हावा म्हणून चिकटवलेली डांबरी शीट असते. ती चिकटलेली दिसते, पण कडेने पाणी तिच्याखाली शिरतं आणि मग ती शीट पत्र्यावरच्या ओल्या फडक्यासारखी काम करते. चाचांच्या नातवाने ती खरवडून काढली. शीटबरोबर पत्र्याचे पापुद्रे येत होते, चिरोट्यासारखे, थरावर थर. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो, म्हणूनच रंग फुगतो आणि जिथे दोन पत्रे एकमेकांवर जोडलेले असतात तिथे गंज आत फुगून ते जोड उकलतो. स्पॉट वेल्डचे टाके त्याने शिवण उसवावी तसे उसवले होते.

मग चाचा छोटी हातोडी घेऊन तळावर बसले. टण, टण, टण, भद. जिथे भद वाजलं तिथे खडूची रेघ. संध्याकाळपर्यंत केबिनच्या आत खडूचा नकाशा तयार झाला. चालकाच्या बाजूचा जवळजवळ सगळा तळ, दुसऱ्या बाजूचा पुढचा कोपरा, दोन्ही दारांखालचे उंबरे, डाव्या बिजागरीच्या खांबाचं बूड, पाठीच्या पत्र्याची खालची चार बोटं. मी मुठीएवढ्या भोकासाठी आलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "चाचा, पत्रा कधी आणू?"

"पत्रा आण, पण आधी पाणी दाखव," चाचा म्हणाले. "कुठून येतं ते कळल्याशिवाय मी तुकडा लावणार नाही. नाहीतर तू पुन्हा तीन वर्षांनी येशील, आणि माझ्या नातवाला शिव्या घालशील."

हा दिवस मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नातू आत बॅटरी घेऊन वाकून बसला. कोरड्या तळावर, काचेच्या खालच्या कडेला आणि खांबांच्या बुडाशी आम्ही पांढरी रांगोळी भुरभुरली, म्हणजे पहिला थेंब कुठून उतरतो ते दिसावं. मी बाहेरून तांब्याने पाणी घालत होतो. एकदम नाही, एका वेळी एकच जागा, आणि प्रत्येक जागेनंतर पाच मिनिटं थांबायचं. आधी टपाच्या पन्हाळीवर. काही नाही. मग काचेच्या वरच्या कडेला. काही नाही. मग काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात घातलं, आणि आतून आवाज आला, "आलं, आलं!" रांगोळीत करड्या रंगाची एक रेघ सरकत होती. जुनं रबर त्या कोपऱ्यात कडक होऊन आखडलं होतं, बाहेरून नीट बसलेलं दिसत होतं.

दुसरी जागा मी स्वप्नातही धरली नसती. वायपरच्या खाली हवा आत घेण्याची जाळी असते. तिच्या आत एक पन्हाळ असते आणि पन्हाळीच्या दोन टोकांना पाणी बाहेर जायला भोकं. आमची गाडी बारा महिने आंब्याखाली उभी. जाळी काढली तर आत मोहोराचा चुरा, पानं आणि माती यांचा ओंजळभर लगदा निघाला, दोन्ही भोकं गच्च बुजलेली. पाऊस पडला की पन्हाळ भरायची आणि तुंबलेलं पाणी पंख्याच्या भोकातून केबिनमध्ये यायचं. सावली मिळावी म्हणून मी गाडी तिथे लावत होतो.

दारांचंही तेच. काचेच्या पट्टीतून पाणी दारात जाणारच, ते अडवता येत नाही. म्हणून दाराच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. गेल्या खेपेच्या लांबीने ती सगळी बुजवून टाकली होती. दारं तीन पावसाळे हंड्यासारखी भरून फिरत होती.

कापण्याआधी अजून एक काम होतं: मीठ धुणं. खड्ड्याखड्ड्यांत अडकलेलं मीठ तसंच राहिलं तर वर कितीही भारी प्रायमर मारा, तो आतून फुगतो. आमच्या खालच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्याकडे मचूळ होतं, म्हणून वरच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी पिंपात भरून आणलं. गाडी तीन दिवस रोज धुतली, सर्व्हिसिंगवाल्याच्या पंपाने सांधेसांधे मारले आणि प्रत्येक वेळी उन्हात खडखडीत वाळवली. धुतलेला उघडा पत्रा संध्याकाळपर्यंत नारिंगी व्हायचा. तिसऱ्या दिवशी तो बराच उशिरा झाला. त्यावर चाचा समाधानी झाले.

तळ आणि उंबरा हे केबिनचे जणू खांब-तुळया आहेत. ते एकदम कापले तर केबिन खचते आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. चाचांनी दोन्ही दारांच्या चौकटीत लोखंडी अँगलचे तुकडे तिरके आणि आडवे टाक्यांनी जोडून घेतले. चौकटीची तिरकी मापं भिंतीवर कोळशाने लिहून ठेवली. एक बाजू कापायची, पूर्ण जोडायची, मापं जुळवून पाहायची आणि मगच दुसऱ्या बाजूला हात लावायचा. घाई झाली तरी हा क्रम त्यांनी मोडला नाही.

कापताना नियम एकच: चकचकीत, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत कापत जायचं. हे ऐकायला सोपं आहे. समोर ग्राइंडर फिरतो आणि आपल्याच गाडीचा अर्धा तळ जमिनीवर पडतो, तेव्हा पोटात गोळा येतो. मी दोनदा म्हटलं, "चाचा, एवढा राहू द्या, बरा दिसतोय." दोन्ही वेळा त्यांनी पेचकस माझ्या हातात दिला. दोन्ही वेळा तो आरपार गेला.

पत्रा चिपळूणहून आणला. तळासाठी १८ गेजचा, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर. दारांच्या कडांसाठी २० गेजचा. साधा सी.आर. (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेला) पत्रा. घरी शेडवरून उरलेला जस्ताचा पत्रा पडला होता, तो वापरू का, असं मी विचारलं होतं, कारण तो लवकर गंजत नाही. चाचांनी साफ नकार दिला. जस्त सुमारे ९०७ अंशांना उकळतं आणि वेल्डिंगची आच त्याच्या कितीतरी वर असते. पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री थंडीतापाने माणूस कुडकुडतो. तरुणपणी त्यांनी ते भोगलंय. शिवाय त्या वाफेने टाका आतून सच्छिद्र होतो.

नवे तुकडे आधी पुठ्ठ्यात कापले, आंब्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यात. तो घडी घेतो, कोपऱ्यात दुमडतो, चुकला तर नवा घ्यायचा. पुठ्ठा बसला की त्याच्यावरून पत्रा. मूळ तळाला लांब वळ्या असतात. त्या शोभेच्या नसतात. सपाट पत्रा पायाखाली डबडब वाजतो, वळी त्याला ताठ करते. चाचांकडे ऐनाच्या लाकडाचा एक जुना ठोकळा आहे, त्याला मधोमध खाच. पत्रा त्यावर ठेवून सळईवर हातोडी मारत मारत त्यांनी प्रत्येक वळी हाताने काढली. एका वळीला पाऊण तास. मी दोन काढल्या. त्या वाकड्या आहेत आणि सीटखाली आहेत.

वेल्डिंगच्या बाबतीत मला काही माहिती नव्हती, ती इथे मिळाली. गावातलं खिडक्या-ग्रिलचं आर्क वेल्डिंग या पत्र्यावर चालत नाही, भोकं पडतात. गॅसने आच पसरते आणि पत्रा पापडासारखा वेडावाकडा होतो. सीओटू वेल्डिंगने, बारीक तारेने, एक टाका इथे, पुढचा हातभर लांब, असं उड्या मारत जायचं आणि मधल्या जागा नंतर भरायच्या. नातवाचा हात याला फार चांगला आहे. शेजारी वाळूची बादली, ओलं पोतं आणि डिझेलच्या नळीवर ओल्या गोणपाटाची घडी. मी दिवसभर तेवढंच पाहत बसायचो, ठिणगी कुठे पडते ते. एकदा वायरच्या झुपक्याला धूर आला आणि पोतं लगेच कामी आलं.

तुकडा जुन्या पत्र्याच्या काठाला काठ लावून जोडायचा, वर चढवून नाही. चढवलेला जोड लवकर होतो, पण दोन पत्र्यांच्या मधली फट पाणी धरते. खांबाच्या बुडाशी चढवण्यावाचून इलाज नव्हता. तिथे आधी दोन्ही पृष्ठांना जस्ताचा वेल्डिंगवाला प्रायमर लावला.

या जस्तावरून बंदरावरच्या माझ्या मित्राने एक प्रश्न विचारला होता, तो चांगला आहे. आमच्या बोटींच्या तळाला, पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे लावतात. पंखा आणि शाफ्टऐवजी ते झिजतात, मग बदलायचे. गाडीलाही एक ठोकळा का लावू नये? कारण बोट सतत पाण्यात असते आणि ठोकळा व धातू यांच्यामध्ये वीज वाहून न्यायला समुद्र असतो. गाडीवर तसं अखंड पाणी नाही, म्हणून ठोकळ्याचा उपयोग त्याच्या आसपासच्या बोटभर जागेपुरताच. जस्त गाडीला उपयोगी पडतं ते असं अंगाला लागून असलेल्या प्रायमरमधूनच.

जिथे कटर पोचत नाही, अशा कोपऱ्यांतला सुटा गंज तारेच्या ब्रशने काढला आणि उरलेल्यावर गंज पालटवणारं औषध लावलं. टॅनिनवालं, म्हणजे साल-फळांत असतं त्या तुरट द्रव्याचं. लावलं की लाल गंज बघता बघता निळसर काळा होतो. मला ते पाहून लोखंडी कढईतला आवळा आठवला आणि हिरड्याची शाईसुद्धा; लोखंड आणि टॅनिन भेटले की हाच काळा रंग. पूर्वी सुती जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवायचे तेही टॅनिनसाठीच. पण हे औषध गळलेल्या पत्र्याला पत्रा बनवत नाही. काळा झालेला पापुद्रा तरीही पापुद्राच असतो.

त्यानंतर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलर, मग रंग. रंगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पांढराच दिला, आणि खालच्या बाजूला काळं जाड कोटिंग, तेही सगळं पूर्ण वाळल्यावर.

उंबरे आतून पोकळ असतात आणि वेल्डिंगच्या आचेने आतल्या बाजूचा लेप जळून जातो. बाहेरून कितीही रंगवा, आत पत्रा उघडाच. चाचांनी प्रत्येक पोकळीला एक भोक ठेवलं होतं. त्यातून लांब नळीने पातळ केलेलं मेण आत फवारलं, नळी हळूहळू मागे ओढत, खालच्या भोकांतून थेंब बाहेर येईपर्यंत. ही युक्ती ऐकून बंदरावरचे म्हातारे म्हणाले, की लाकडी होड्यांना आम्ही मुशीचं, म्हणजे शार्कचं, तेल पाजायचो तसंच हे. ते म्हणतात त्यात तथ्य आहे. रस्ट-ओलियम ही अमेरिकेतली गंजरोधक रंगाची कंपनी १९२१ मध्ये रॉबर्ट फर्ग्युसन नावाच्या एका जहाजाच्या कप्तानाने काढली. गंजलेल्या डेकवर माशाचं तेल सांडलं, तिथला गंज पुढे सरकेना, हे त्याच्या लक्षात आलं, अशी तिच्या जन्माची हकिगत सांगतात. ज्या मासळीच्या पाण्याने आमची गाडी खाल्ली, त्याच मासळीच्या तेलाने कुणाच्या तरी जहाजाचं लोखंड वाचवलं, हे मला त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही.

बारा दिवसांचे छत्तीस झाले. पत्रा, गॅस, प्रायमर, रंग, नवं रबर आणि मजुरी मिळून एकोणपन्नास हजार रुपये गेले, शिवाय मधल्या काळात मालासाठी दुसऱ्याची गाडी भाड्याने घ्यावी लागली. आईने एकदाच विचारलं, "एवढ्यात जुनी दुसरी आली नसती?" आली असती, पण तीही कुणाच्या तरी बंदरावर फिरलेली असती आणि तिच्या लांबीच्या आत काय आहे ते मला माहीत नसतं. या गाडीचा आता प्रत्येक सांधा मी पाहिला आहे. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग लागतं. मे महिन्यात ते झालं.

काही सवयी बदलल्या. गाडी आंब्याखाली लावत नाही. हौद्याच्या पुढच्या कडेला आडवी पन्हाळ ठोकली आहे, ती बर्फाचं पाणी बाजूला नळीतून डब्यात नेते. माल उतरला की त्याच रात्री, कितीही उशीर झाला तरी, गोड्या पाण्याने हौदा आणि केबिनची पाठ धुतो. नमदा पुन्हा टाकला नाही. आवाज जास्त येतो, पण रविवारी मॅट उचलली की तळ दिसतो. वायपरखालची जाळी महिन्यातून एकदा उघडतो.

टपाच्या पन्हाळीचा उजवा कोपरा राहिला आहे. तिथे रंगाखाली दोन बारीक फुगे आहेत. चाचांनी दाखवले आणि म्हणाले, आता पैसे संपलेत तुझे, पुढच्या जानेवारीत आण, तोवर खरवडून प्रायमर लावून ठेव. ठेवला आहे.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, रात्रभर. सकाळी आधी मॅट उचलली. आदल्या दिवशी मी खाली रांगोळी टाकून ठेवली होती, ती पांढरी आणि कोरडी होती. मग बाहेर येऊन पाहिलं. चालकाच्या दाराच्या तळाच्या तीन भोकांतून पाणी ठिबकत होतं, आणि त्यांच्याखाली अंगणात, एका ओळीत, तीन छोटे खळगे पडले होते.